चौदा कोअरचा जुना सेट, की सोनं गहाण ठेवून नवा?

पत्राचा सारांश : वाचक 26 वर्षांच्या आहेत, कोल्हापुरात फुलेवाडीत सासरी राहतात. शाहूपुरीतल्या एका फ्लेक्स आणि अल्बमच्या दुकानात डिझायनर म्हणून नोकरी करतात. कोरल आणि फोटोशॉपवर हात बसलेला आहे. वर्षभरापासून प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर लग्नाचे हायलाइट आणि एका साडीच्या दुकानाचे रील संध्याकाळी घरी करतात. घरचा कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय थ्री, 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. 4के क्लिप टाकली की हँग होतो. भिशीचे 60 हजार हातात आले आहेत. एक दुकानदार 42 हजारांत '14 कोअरचा झिऑन एडिटिंग सेट' देतोय (झिऑन हा इंटेलचा प्रोसेसर, कोअर म्हणजे त्यातला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग), सोबत 4 जीबीचं जुनं ग्राफिक्स कार्ड. भाचा म्हणतो, एक लाख घालून आय सेव्हन आणि गेमिंग कार्डच घ्या. मिस्टर सोनेतारण करायला तयार आहेत. सासूबाईंचं म्हणणं, हप्त्यावर लॅपटॉप घे, कुठेही नेता येईल. वाचक विचारतात : "चांगलं मशीन नाही म्हणून चांगलं काम येत नाही. एकदाच पैसे घालायचे आहेत, पुन्हा पाच वर्षं त्याकडे बघायला लागू नये. काय घेऊ?"

तुमच्या पत्रात कोअर, जीबी आणि वॅट यांवर अडीच पानं आहेत आणि कामाबद्दल एकच वाक्य आहे : 'सीझनला लग्नाची कामं येतात, बाकी वाढदिवसाचे फ्लेक्स आणि रील.' मला उत्तर लिहायला या एका वाक्याचाच जास्त उपयोग झाला. मशीन कुठलं घ्यायचं, हे कामात रोज येणाऱ्या फायली ठरवतात. म्हणून सुरुवात तिथून करू.

त्याआधी तुमचं एक गृहीतक. चांगलं मशीन नाही म्हणून चांगलं काम येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. साडीच्या दुकानदाराने तुम्हाला दुसरं, तिसरं रील दिलं, तेव्हा तुमच्या घरी हाच आय थ्री होता. त्याने मशीन विचारलं नाही, पहिलं रील बघितलं. मशीन बदललं की तुमची रात्रीची झोप वाचेल, दोन दिवसांचं काम एका दिवसात होईल, मनस्ताप कमी होईल. एवढं कारण नवं मशीन घ्यायला पुरेसं आहे. पण मशीन आल्यावर कामं आपोआप वाढतील असं धरून कर्ज काढायचं असेल, तर मी तुम्हाला थांबवेन.

आता एक छोटी तपासणी. खरेदीच्या आधी आजच्याच मशीनवर ती करा. तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि क्लिप चालवा. मेमरी 95 टक्क्यांच्या वर आणि डिस्क 100 वर अडकली असेल, तर रॅम कमी पडतेय आणि विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर टाकतंय. सीपीयू 100 वर आणि डिस्क निवांत असेल, तर फुटेज उलगडतानाच मशीनचा दम निघतोय. तुमच्या मशीनवर बहुतेक दोन्ही दिसेल. फ्लेक्सच्या कामात पहिलं आणि व्हिडिओत दुसरं.

व्हिडिओचं आधी सांगतो, कारण झिऑनचा निकाल तिथेच लागतो. कॅमेऱ्यातून आलेलं फुटेज दाबून भरलेलं असतं, एच.264 किंवा एचईव्हीसी म्हणून. टाइमलाइनवर ते दिसायचं तर प्रत्येक क्षणी उलगडावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे अंगचं ग्राफिक्स असतं, त्यात हे उलगडण्यासाठी वेगळा भाग बसवलेला आहे. क्विक सिंक म्हणतात त्याला. दुकानदार देतोय तो झिऑन बहुतेक ई5-2680 व्ही4 असणार. 14 कोअरचा, 2016 सालचा, मुळात सर्व्हरसाठी बनवलेला. त्यात अंगचं ग्राफिक्सच नाही, म्हणजे क्विक सिंक नाही. एका कोअरचा वेगही आजच्या साध्या आय फाइव्हपेक्षा बराच कमी, आणि फोटोशॉपचं पुष्कळसं काम एकाच कोअरच्या वेगावर चालतं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 11 च्या यादीत तो बसत नाही आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. बोर्ड बिघडला तर तसाच बोर्ड पुन्हा जुन्या बाजारातच शोधायचा. 14 हा आकडा खरा आहे, दुकानदार खोटं बोलत नाही. पण तुमच्या कामात त्यातले बरेच कोअर बसून राहतील. हा सेट घेऊ नका. तुमचा आय थ्रीही विंडोज 11 मध्ये बसत नाही, म्हणून त्यात रॅम वाढवून पैसे अडकवू नका.

एक प्रश्न मात्र तुमच्याकडे शूटिंग देणाऱ्या फोटोग्राफरना विचारायचा आहे : फुटेज 8 बिट 4:2:0 आहे की 10 बिट 4:2:2? (हे आकडे फुटेजमध्ये रंगाची किती माहिती भरली आहे ते सांगतात, दुसऱ्यात जास्त.) ते गोंधळले तर एक क्लिप घ्या, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात टाका. बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंग अशा दोन ओळी दिसतील. 8 बिट 4:2:0 असेल तर आजचं कुठलंही बरं मशीन ते पेलतं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर मात्र बरेच जण आता 10 बिट 4:2:2 वर शूट करतात, आणि तिथे भाच्याने सुचवलेली महाग कार्डंसुद्धा अडतात. कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने 4:2:2 उलगडायची सोय 50 च्या मालिकेपासूनच दिली. त्याआधीच्या 3060 किंवा 4060 मध्ये ती नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये ती आहे, पण फक्त एचईव्हीसीसाठी. फुटेज एच.264 मधलं 10 बिट 4:2:2 असेल तर हे प्रोसेसरही अडतात. म्हणून फोटोग्राफरशी बोलून ठेवा, कॅमेऱ्यात एचईव्हीसीचा पर्याय असेल तर तो लावायला सांगा. नसेल तर प्रॉक्सी करा : प्रीमियरला सांगून सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती करून घ्यायच्या, त्यांवर एडिट करायचं, शेवटचं एक्सपोर्ट मूळ फुटेजवरून निघतं. रात्री जेवायला बसताना प्रॉक्सी लावल्या तर सकाळी कामाला तयार. हे तुमच्या आय थ्रीवरही चालतं. या रविवारी करून बघा, खरेदीची घाई निम्मी कमी होईल.

त्याच मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल दिसलं, तर ती क्लिप बहुतेक मोबाइलची आहे. रीलमध्ये आवाज आणि ओठ मागेपुढे होतात ते यामुळे. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट कॉन्स्टंट करून घेतला की हा त्रास जातो. त्यासाठी नवं मशीन लागत नाही.

आता फ्लेक्स. तुम्ही लिहिलंय, 'दहा बाय आठचा फ्लेक्स 300 वर केला की फोटोशॉप अर्धा तास फिरत बसतं.' 300 म्हणजे एका इंचात 300 पिक्सेल. हिशेब मांडून बघू. दहा फूट म्हणजे 120 इंच, आठ फूट म्हणजे 96. तीनशेने गुणलं की 36,000 बाय 28,800 पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, अख्खा भरलेला एक लेयर 4 जीबीच्या वर गेला. मागे ढग, पुढे साहेबांचा फोटो, खाली कार्यकर्त्यांच्या गोल फोटोंची रांग, वर सोनेरी अक्षरं : असे दहा-बारा लेयर झाले की एक लाखाचं मशीनही गुडघे टेकेल. शिवाय साध्या पीएसडी फायलीची मर्यादा एका बाजूला 30,000 पिक्सेलची आहे, ती आधीच ओलांडली. हाच फ्लेक्स 72 वर केला तर 8,640 बाय 6,912, आणि एक लेयर 240 एमबीच्या आत. चौकातला फ्लेक्स लोक वीस-पंचवीस फुटांवरून बघतात. तिथून हा फरक कुणाच्याही डोळ्याला जाणवणार नाही. हवं तर छापणाऱ्याला विचारून शंभरवर करा. अक्षरं मात्र फोटोशॉपमध्ये चित्र करून न टाकता कोरलमध्ये व्हेक्टर ठेवा. मग ती कितीही मोठी केली तरी धार जात नाही. तुमच्या दुकानात 300 ची सवय पत्रिका आणि अल्बमच्या कामातून आली असावी. हातात धरून बघायच्या छपाईसाठी ती बरोबरच आहे. पण या सवयीची किंमत तुम्ही कॉम्प्युटरच्या खरेदीत मोजायला निघाला होता.

तर घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : 60 हजारांत असेंबल केलेला नवा डेस्कटॉप, आणि तोही एकदम पूर्ण नको. 'एकदाच पैसे घालायचे' हा आग्रह सोडा. डेस्कटॉपचा फायदाच हा की त्यात एकेक भाग पुढे वाढवता येतो. सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण त्याच किमतीचा लॅपटॉप तासभर रेंडर करताना तापून मंदावतो, आणि पुढे त्यात रॅम आणि एसएसडीपलीकडे फारसं काही बदलता येत नाही. लग्नाच्या हॉलवर बसून एडिट करायचं काम तुम्ही करत नाही. उद्या तेच करायला लागलात तर लॅपटॉप जरूर घ्या.

प्रोसेसर इंटेलचा आय फाइव्ह 12400 किंवा त्याच घराण्यातला पुढच्या पिढीचा. नावापुढे एफ अक्षर नको. एफ असलेला थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदार सुचवतील, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे आपण ज्यासाठी इंटेल घेतोय तीच गोष्ट गेली. मदरबोर्ड असा घ्या की त्यात दोन एनव्हीएमई एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) बसतील आणि रॅमचे चार स्लॉट असतील. रॅम 32 जीबी हवीच, पण आज 16 वर भागवा. भाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण 2025 च्या अखेरीपासून रॅम इतकी भडकलीय की आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात जुना होईल. 16 ची एकच पट्टी घ्या. दोन पट्ट्यांच्या मानाने वेग थोडा कमी मिळेल, तो काही महिने सोसा, पुढे तशीच दुसरी टाका.

एसएसडी 1 टीबीची घ्या, 500 ची नको. कारण सरळ आहे : 100 एमबीपीएसवर 4के शूट केलं तर एका तासाचे 45 जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी तीन तास, म्हणजे एकाच लग्नाचे 270 जीबी. विंडोज, सॉफ्टवेअर आणि त्याच्या तात्पुरत्या फायली (कॅश) धरल्या की 500 ची डिस्क दुसऱ्या लग्नालाच भरेल, आणि एसएसडी गच्च भरली की मंदावते. झालेलं काम जुन्या हार्ड डिस्कवर हलवत जा.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, हा भाग गिऱ्हाईक विचारत नाही आणि म्हणून तिथेच काटछाट होते. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर 450 वॅट छापलेलं असतं, तेवढे तो देईलच असं नाही. 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), नामांकित कंपनीचा वेगळा घ्या. पुढे कार्ड टाकाल तेव्हा तोच चालेल. वळवाच्या पावसात आपल्याकडे लाइट कशी ये-जा करते हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून हजार व्हीएच्या आसपासचा यूपीएस. आणि त्याआधी वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग नीट करा. तो खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात कामाचा.

मॉनिटर 24 इंची, आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी हा ठरलेला रंगपट्टा शंभर टक्क्यांच्या जवळ दाखवणारा. 4के मॉनिटरच्या नादाला आज लागू नका. छापलेला फ्लेक्स काळपट येतो अशी तुमची तक्रार आहे, त्याचं कारण बहुतेक वेळा मॉनिटरचा अतिउजेड असतं. छपाईवाल्याकडून तुमच्याच एखाद्या डिझाइनचा छापील तुकडा मागून घ्या, स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा.

ग्राफिक्स कार्ड आत्ता नको. प्रीमियरमध्ये कट, रंग, अक्षरं आणि गाणं एवढं काम अंगच्या ग्राफिक्सवर होतं, एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच. अपवाद एक : तुम्ही दाविंची रिझॉल्व या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं तर कार्ड आधी घ्यावं लागेल, कारण त्याचा सगळा भर कार्डावर आहे. रिझॉल्वची फुकट आवृत्ती अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्ट देते आणि वॉटरमार्क टाकत नाही. पण तुमचा हात प्रीमियरवर बसलाय, म्हणून मशीन आणि सॉफ्टवेअर एकाच महिन्यात बदलू नका.

सॉफ्टवेअरचं निघालंच आहे तर स्पष्ट बोलतो. सेटसोबत 'सगळं टाकून देतो' म्हणणारा दुकानदार क्रॅक, म्हणजे चोरीची सॉफ्टवेअर, टाकून देत असतो. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, अपडेट थांबवावे लागतात. त्या वाटेने एखादा रॅन्समवेअर (फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस) आला तर दुसऱ्याच्या लग्नाचं फुटेज कुलूपबंद होईल, आणि ते लग्न पुन्हा शूट करता येत नाही. दुकानातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर काम करायचं असेल तर एका सॉफ्टवेअरचं महिन्याचं भाडं हा धंद्याचा खर्च समजा आणि कामाच्या दरात धरा. डिझाइनसाठी ॲफिनिटी ऑक्टोबर 2025 पासून फुकट झालंय, इंकस्केप आधीपासून आहेच. कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मराठी टाइप करून जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात का, ते बघा. फोटोशॉपमध्ये 'क्ष' आणि 'र्य' फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन असा पर्याय निवडून फोटोशॉप पुन्हा उघडा. प्रीमियरमध्ये तो ग्राफिक्सखाली आहे. यासाठी कित्येक जण अक्षरं कोरलमध्ये करून चित्र म्हणून आणतात, तेवढा वेळ वाचेल.

खरेदी राजारामपुरीत करा, ऑनलाइन भाव हातात ठेवून. तीन दुकानांतून प्रत्येक भागाचं वेगळं लिहिलेलं कोटेशन घ्या. 'आय फाइव्ह सेट, 16 जीबी' एवढंच लिहिलेला कागद परत करा. दुकानदार ऑनलाइनपेक्षा हजार-पाचशे जास्त मागत असेल तर द्या. लग्नाची डिलिव्हरी उद्यावर असताना मशीन सुरू झालं नाही तर येणारा माणूस तोच असतो. जीएसटीचं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा, प्रोसेसर सीलबंद डब्यातला हवा, तीन वर्षांची वॉरंटी त्यावरच मिळते. पैसे देण्याआधी तुमचा तो जड प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातल्या तशाच मशीनवर चालवून बघा. दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरं दुकान गाठा.

बॅकअपबद्दल एवढंच : 2019 आणि 2021 च्या पुरात व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरी कुंभार गल्लीपर्यंत पाणी आलेलं तुम्ही पाहिलंय, आणि तुमची नोकरीही त्याच भागात आहे. लग्नाचं फुटेज गिऱ्हाईकाला पोहोचून त्याने बघितल्याचं सांगेपर्यंत दोन डिस्कवर ठेवा. एक डिस्क घरात, दुसरी माहेरी. जुना आय थ्री भंगारात देऊ नका, त्याची हार्ड डिस्क या कामी येते.

आता सोनेतारण. मिस्टरांनी ही तयारी दाखवली यात त्यांचा तुमच्यावरचा विश्वास आहे, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण तुमच्या कमाईचा आकार बघा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मासात थांबतात. पावसाळ्याचे महिने हायलाइटचं काम जवळजवळ नसतं. गणपती आणि नवरात्रात फ्लेक्स भरपूर, पण मंडळांचे पैसे किती उशिरा येतात हे दुकानात बसून तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. व्याज मात्र दर महिन्याला धावतं. कर्ज काढूच नका असं मी म्हणत नाही. गेल्या सीझनला घरच्या कामातून किती रुपये खरोखर हातात आले, ते वहीत महिन्यावार लिहा. सगळ्यात कोरड्या महिन्यातही हप्ता निघत असेल तर विचार करा, आणि तोही मशीन सहा महिने वापरून झाल्यावर.

याच वहीत आणखी एक रकाना ठेवा : 'काम नाकारलं किंवा उशिरा दिलं, कारण मशीन.' भाच्याला सांगा, या रकान्यात सीझनभरात चार-पाच नोंदी झाल्या, आणि त्या आफ्टर इफेक्ट्स किंवा रिझॉल्वच्या कामाच्या असल्या, तर त्यालाच घेऊन 12 जीबीचं कार्ड बघायला जा. नोंदी फ्लेक्सच्या असल्या तर आधी रॅमची दुसरी पट्टी घ्या. कार्ड बसवाल तेव्हा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) अंगचं ग्राफिक्स चालू ठेवायला सांगा. काही बोर्ड कार्ड बसलं की ते आपोआप बंद करतात, आणि मग क्विक सिंक जातं.